नागपूरहून कोकणात कुरव (सीगल) पक्षी पाहायला कधी जावे?

प्रश्न: अंबाझरी व गोरेवाडा तलावांवरचे हिवाळी पाहुणे आम्ही नेहमीच पाहतो, मात्र लडाख-तिबेटकडून कोकण किनाऱ्यावर उतरणारे तपकिरी डोक्याचे कुरव पाहण्यासाठी दिवाळीची सुट्टी योग्य ठरेल काय?

उत्तर १: दिवाळीत थवे दिसू लागतात, पण मोठी संख्या हवी असल्यास नोव्हेंबरअखेर जावे. किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी सूर्य आपल्या पाठीशी राहतो, आणि भरती चढू लागली की ओल्या वाळूवर विखुरलेले पक्षी कोरड्या पट्ट्यावर एकवटतात. दुर्बीण तेव्हाच लावावी. दुपारच्या उन्हात जाणे माझ्या मते व्यर्थ आहे.

उत्तर २: बूबीसारखे खोल समुद्रातले पक्षी मात्र तेव्हा किनाऱ्यावरून क्वचितच दिसतील, ते बहुधा पावसाळी वादळांत इकडे फेकले जातात.