तीन इयत्ता एकत्र, वाचनाला रोज एक तास: वेळ कशी विभागायची?

खाडीकाठ (देवगड तालुका)
द्विशिक्षकी शाळा आहे. माझ्याकडे पहिली ते तिसरी मिळून १४ मुलं. सध्या एकेक मूल मोठ्याने वाचतं, बाकीची ओळीवर बोट ठेवून ऐकतात. शेवटची १५ मिनिटं मूकवाचन. पहिलीतली मुलं पाठ झालेला धडा घडाघडा म्हणतात, पण त्यातलाच सुटा शब्द दाखवला की गप्प. तिसरीतली चौघं जोडाक्षराला अडतात. या तासाची मांडणी कशी करावी?

फळा-खडू
ताई, एकेकाचं वाचन आधी थांबवा. ४५ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटं येतात. ज्याला अजून वाचता येत नाही तो मूकवाचनात चित्रंच बघतो. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली आधीचं संशोधन तपासलं, तेव्हा मदत घेत मोठ्याने, पुन्हा पुन्हा वाचल्याने ओघ येतो याला पुरावा मिळाला. नुसत्या मूकवाचनाने येतो याला पुरेसा मिळाला नाही.

पहिली १५ मिनिटं सगळ्यांना तुम्हीच गोष्ट वाचून दाखवा, दोन-तीन जागी थांबून बोलतं करा. पुढची २० मिनिटं अक्षरांवर अडलेली मुलं तुमच्यापुढे, मग ती कोणत्याही इयत्तेची असोत. तेवढ्यात बाकीच्यांचं जोडीवाचन: ८०-१०० शब्दांचा एकच उतारा तीनदा, जोडीदार चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारतो. नंतरच्या १५ मिनिटांत अदलाबदल. जोडीवाले तुमच्याकडे, अक्षरांवर अडलेला गट शब्दपट्ट्या लावतो. शेवटची १० मिनिटं श्रुतलेखन: शिकवलेल्या अक्षरांचेच पाच शब्द आणि एक वाक्य, जागेवर तपासून.

निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत साक्षरता अभियानात तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द वाचन धरलंय. पण 'घरासमोरच्या' हाही एकच शब्द मोजला जातो, तेव्हा दर वेळी साधारण त्याच काठिण्याचा उतारा घ्या, नाहीतर आकडा फसवतो.

कातळसडा
पाठांतर ओळखायला तीच वाक्यं खालून वर वाचून घ्या. मुळाक्षरं 'क'पासून ओळीने शिकवू नका. म, ड, न, र, ळ, क आणि काना एवढ्यावर माड, नारळ, डाळ, कान, मळा, काळा, कडक, नरम तयार होतात. पहिल्या पंधरवड्यातच मूल खरे शब्द वाचतं. घ-ध आणि भ-म मात्र एका आठवड्यात आणू नका.

चौघांचं जोडाक्षर नेमकं कुठलं अडतं तेही बघा. बहुतेकदा अडचण क्रमाची असते. ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते, उच्चार नंतर. रफार पुढच्या अक्षरावर बसतो, उच्चार त्याच्या आधी. डावीकडून उजवीकडे जाणारं मूल इथे हमखास घसरतं. 'दर्या' आणि 'दऱ्या' फळ्यावर शेजारी लिहा. पहिल्यात 'दर्' वर थांबून 'या', दुसऱ्यात न थांबता. समोर समुद्र, मागे सह्याद्री. अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

खाडीकाठ
फार उपयोगी. घरची भाषा मालवणी आहे. 'बांगडा' लिहिलेलं असताना 'बांगडो' वाचतात. ही चूक धरायची का?

फळा-खडू
लगेच लाल रेघ नको. शब्द अर्थासकट कळला आहे, शेवटचं चिन्ह मात्र पाहिलेलं नाही. त्या कान्यावर बोट ठेवायला लावा, "इथे मात्रा आहे का?" एवढंच विचारा. मग दोन्ही रूपं फळ्यावर लिहून घ्या: 'आमी बांगडो म्हणतो, पुस्तकात बांगडा.' अशी पाच-सहा जोड्यांची यादी भिंतीवर वाढत ठेवा: घोडो-घोडा, आंबो-आंबा. 'तसं बोलायचं नाही' असं एकदा म्हटलं की मूल गोष्टीवर बोलायचंच थांबतं, आणि पहिली १५ मिनिटं वाया जातात.

कातळसडा
एक राहिलंच. जूनपासून पत्र्यावर पाऊस कोसळतो तेव्हा वाचून दाखवलेलं मागच्या रांगेला ऐकू जात नाही. सर पडली की श्रुतलेखनाऐवजी शब्दपट्ट्या आणि उतारा बघून लिहिणं घ्या, गोष्ट उघडीप मिळाली की. आणि पट्ट्या लॅमिनेट करा, साध्या पुठ्ठ्याला ऑगस्टपर्यंत बुरशी धरते.