शब्दचर्चा: ‘प्रायोगिक ताल’ की ‘विषम ताल’?

प्रश्न: अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीवर लिहितोय. १९५९च्या ‘टाइम आउट’ या ध्वनिमुद्रिकेने पाच-नऊ मात्रांचं जॅझ घरोघरी पोचवलं. इंग्रजीत या तालांना ‘एक्स्पेरिमेंटल’ म्हणतात. मराठीत ‘प्रायोगिक ताल’ चालेल?

– ‘प्रायोगिक’ म्हटलं की मला छबिलदासची नाटकं आठवतात, नाहीतर बारावीची केमिस्ट्री. शिवाय त्या शब्दाला ‘मोजक्या दर्दींसाठी’ असा वास आहे. इथे तर दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. ‘विषम ताल’ लिहा.

– ‘विषम’ने भागत नाही. वॉल्ट्झ नाचाच्या तीन मात्रा विषमच, पण त्याला कोण दचकतं? उलट झपताल दहाचा, आकडा सम, तरी चाल २-३-२-३. कान अडखळतो तो असमान खंडांपाशी. याच ध्वनिमुद्रिकेतलं, चौकडीतल्या सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडचं ‘टेक फाइव्ह’ ३+२ आहे. तिच्यातल्याच ‘ब्लू राँडो’तले नऊ मुख्यतः २+२+२+३ आहेत, ३+३+३ अधूनमधूनच. हा ताल ब्रुबेकने १९५८च्या दौऱ्यात तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकला. तिकडे त्याला ‘अक्साक’ म्हणतात, म्हणजे लंगडणारा.

– मग ‘लंगडा ताल’च म्हणू की! छान मराठी आहे.

– नको हो. तबल्याच्या क्लासात ‘ठेका लंगडतोय’ म्हणजे पोरगं चुकलं. चौकडीतल्या जो मोरेलोसारख्या ड्रमरच्या माथी हे कशाला? ‘असमान खंडांचा ताल’ लांबलचक आहे, पण अर्थ नेमका.

– त्याच दौऱ्यात ही मंडळी मुंबईत आली होती, सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँना भेटली होती. रूपक-झपताल रोज ऐकणाऱ्यांना पाच मात्रांचं काय कौतुक वाटलं असेल! ‘प्रायोगिक’ कुणाच्या कानाला, हेही लिहा.

– माझी शंका ‘ताल’वरच आहे. ‘टेक फाइव्ह’ला टाळी-खाली, म्हणजे हाताने दाखवायच्या ठरलेल्या जागा, कुठे आहेत? पाचाची मोजणी म्हणजे ताल नव्हे. मात्र मोरेलोच्या सोलोखाली ब्रुबेकचा पियानो तीच छोटी ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. तबल्याच्या सोलोखाली अशीच ओळ वाजते, तिला मराठीत आयता शब्द आहे: लेहरा.

प्रश्नकर्ता: लेहरा घेतला! ‘असमान खंड’ही. शीर्षक अजून अडलंय.