सिकलसेलचं दुखणं, रात्री कॅज्युअल्टीत कोणी ऐकत नाही

भाचा १४ वर्षांचा, सिकलसेल म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यात एसएस पॅटर्न (दोष आई-वडील दोघांकडून आलेला), गाव चंद्रपूरकडचं. थंडी पडली की हातपाय असे दुखतात की पोरगं नुसतं लोळतं, अन् रात्री नेलं तर नवीन डॉक्टर म्हणतात नाटक करतोय, इंजेक्शन द्यायलाच तास जातो. काय करावं?

> एचपीएलसी रिपोर्ट (सिकलसेल पक्कं करणारी रक्ततपासणी), जुनं डिस्चार्ज कार्ड, हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलच्या औषधाचा डोस, सगळं एकाच पिशवीत तयार ठेवा. ताप, छातीत दुखणं, दम लागणं असलं तर सकाळची वाट बघूच नका. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, सर्टिफिकेटसाठी अर्ज करा.

> मी सिस्टर आहे, राग नका धरू पण खरं सांगते. बीपी, नाडी नॉर्मल दिसते म्हणून दुखणं खोटं वाटतं, आम्हाला हे नीट कोणी शिकवलंच नाही. २०२३ मध्ये केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, तपासण्या जोरात, पण नाईटला वॉर्ड फुल अन् आम्ही दोघीच, त्याचं काय?

> थँक्स ताई. पिशवी आजच भरतो. पाणी कमी पडलं की दुखणं वाढतं, पण पाणी पीतच नाही लेकाचा, शाळेतलं बाथरूम घाण म्हणून.