तालुक्याच्या राजकारणावर ब्लॉग: जाहिरात कोणाची घ्यावी, बातमी पक्की कशी करावी?

प्रश्न (दारव्हा, यवतमाळ)
ग्रामपंचायत ते जिल्हा परिषद, कामांवर लिहायचं आहे. नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती घेतल्या तर लोक विश्वास ठेवतील का? आणि सिमेंट रस्त्याची बातमी पक्की कशी करायची?

उत्तर १ (अमरावती)
नका घेऊ भाऊ. फोटो नेत्याचा, पण खाली शुभेच्छुक म्हणून नाव ठेकेदाराचं असतं, आणि उद्या त्याच्याच रस्त्यावर तुम्हाला लिहायचं आहे. कृषी केंद्र, किराणा, क्लासची जाहिरात चालेल. मालक स्वतः उमेदवार असेल तर तीही नको. कोणी किती पैसे दिले ते दर महिन्याला ब्लॉगवरच टाका. निवडणुकीत उमेदवाराचा मजकूर पैसे घेऊन बातमी म्हणून टाकला तर ती पेड न्यूज होते.

उत्तर २ (वाशिम)
आधी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा खर्च पाहा. मग माहिती अधिकारात अर्ज करा: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. दोन विषय एकत्र केले तर अधिकारी फक्त पहिल्या विषयाचं उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतो. ‘रस्ता का फुटला?’ असं विचारू नका, कारणं सांगायला ते बांधील नाहीत. कागदच मागा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अंतिम देयक. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचं तिकीट.

पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. लांबी-रुंदी टेपनं मोजता येते. जाडीत मात्र लोक फसतात: कडेला साच्यामुळे काँक्रीट पुरेसं दिसतं, मधे पातळ असू शकतं. त्यासाठी कामाची पाहणी आणि प्रमाणित नमुना मागा, तो हक्क कायद्याच्या कलम २ मध्येच आहे. आणि मूळ कागदाचा फोटो बातमीसोबत लावा, नुसतं ‘सूत्रांकडून कळतं’ गावात कोणी मानत नाही.

उत्तर ३ (बुलढाणा)
छापण्याआधी सरपंच आणि ठेकेदार दोघांना लेखी प्रश्न पाठवा, दोन दिवस द्या, उत्तर जसंच्या तसं घ्या. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. मजकूर खरा असणं पुरेसं नाही, तो लोकहिताचाही असावा लागतो. म्हणून घरगुती भानगडींना हातही लावू नका. ‘पैसे खाल्ले’ असं न लिहिता ‘पुस्तिकेत इतकी लांबी, जागेवर इतकी’ असं लिहा.

चूक निघाली तर गुपचूप मजकूर बदलू नका. जुन्या मजकुराचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत फिरतच राहतो. दुरुस्ती तारखेसह वर लिहा आणि ज्या गटांत बातमी टाकली, त्याच गटांत तीही टाका.