मदत हवी आहे: फोटोवरून चित्र करताना रोहित पक्षी चिखलात गायब होतात

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीला राहते. फेब्रुवारीत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभराने तिला बोटीतून ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) दाखवायला नेलं. ओहोटीमुळे करडा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर पक्षीच पक्षी. आई लांबूनच म्हणाली, "अगं, किती गुलाबी आहेत!" त्या दिवसाच्या फोटोवरून ब्रशच्या फटकाऱ्यांचं चित्र करून तिच्या खोलीत लावायचंय. प्रोग्रॅम मीच पायथनमध्ये लिहिलाय.

पद्धत संगणक-चित्रांचे संशोधक ॲरन हर्ट्झमन यांनी १९९८ मध्ये मांडलेली. आधी मोठ्या ब्रशने सगळं भरायचं, मग मूळ फोटोशी जिथे फरक उरतो तिथे लहान लहान ब्रश. प्रोग्रॅम पटकन चालावा म्हणून हा फरक मी ग्रेस्केलवर (रंग काढून फक्त उजेडावर) मोजला. तिवरांची पानं आणि विजेचे मनोरे झकास उतरले, रोहित मात्र चिखलात विरघळले. आईने प्रिंटवर बोट ठेवून विचारलं, "इथेच होते ना गं?" मला फार वाईट वाटलं.

मग पिक्सेल तपासले. पक्ष्याच्या अंगावर लाल २०२, हिरवा १५८, निळा १६०. शेजारच्या चिखलावर १७४, १७१, १६५. ग्रेस्केलमध्ये दोन्ही १७१! म्हणजे उजेड सारखा, फरक फक्त रंगाचा. आईच्या डोळ्यांनी तोच आधी टिपला होता.

म्हणून फरक आता लॅब रंगपद्धतीत मोजते (त्यात उजेडाची एक वाहिनी आणि ए, बी या रंगाच्या दोन वाहिन्या वेगळ्या असतात). पक्षी परत आले, पण त्यांच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात. वाचल्यावर कळलं की आपली नजर रंगाचे बारकावे उजेडाच्या मानाने कमी टिपते, म्हणून जेपेग (माझा फोटो त्याच प्रकारच्या फाइलमध्ये आहे) बहुतेक वेळा रंगाची माहिती आडवी-उभी निम्मीच ठेवतं. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती) माझ्याकडे नाही. काय करावं?

दुसरी अडचण मोठी आहे. डोळ्याला एका वेळी जेमतेम दोन अंश स्पष्ट दिसतं, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याच्या रुंदीएवढं. बाकीचं ढोबळ. चित्रातही नजर थांबते तिथेच बारकावा हवा. डीकार्लो आणि सँटेला यांनी २००२ मध्ये नजर टिपणारं यंत्र लावून हेच केलं होतं. मी ते कुठून आणू? लक्षवेधी भाग आपोआप शोधणारा कोड वापरून पाहिला, तर तो पाण्यावरची चकाकी पकडतो.

प्रतिसाद १

पायऱ्यांसाठी फक्त ए आणि बी वाहिन्यांवर बायलॅटरल फिल्टर (कडा राखून बाकीचं गुळगुळीत करणारा) लावा, उजेडाच्या वाहिनीला हात लावू नका. तिथले बारकावे तसेच राहतील.

यंत्राची गरज नाही. घरच्या चार-पाच जणांना फोटो दोन सेकंद दाखवा, झाका, आणि आठवतं तिथे कोऱ्या कागदावर बोट ठेवायला सांगा. आधी काहीही विचारू नका, "पक्षी दिसले का?" एवढंही नाही. नजरेच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या यार्बस यांनी १९६० च्या दशकात दाखवलं होतं की चित्र तेच असलं तरी प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलते.

धागाकर्ती

मनापासून आभार! फिल्टरने कडा सुधारल्या. शेजारच्या काकू, त्यांची दोन्ही मुलं आणि आई, चौघांना फोटो दाखवला. चौघांचं बोट डावीकडच्या, मान वाकवून चिखलात चोच घातलेल्या पक्ष्यावर. मनोऱ्यावर कुणाचंच नाही, आणि माझा प्रोग्रॅम सगळ्यात बारीक ब्रश तिथेच चालवत होता.

आता त्या पक्ष्याभोवती मास्क (बारीक ब्रश कुठे चालवायचा ते ठरवणारा भाग) केलाय, पण बारीक फटकारे संपतात तिथे गोल कडं उठून दिसतं. मास्कची कड किती पसरट ठेवू? फोटो ४००० पिक्सेल रुंद आहे, सगळ्यात मोठा ब्रश ६४ चा.