देश सुटला, आजी सुटली नाही

गोदाकाठ: काल घरच्या ग्रुपवर पोस्ट आली, ‘१५ ऑगस्ट १९४७ ला तरुणांच्या प्रेमाच्याही बेड्या तुटल्या.’ कोणाच्या? माझी आजी १९४८ साली पंचवटीतल्या वाड्यात आठ दिवस माजघरात कोंडलेली होती. तिच्या शिवणाच्या डब्यात दुसऱ्या जातीतल्या मुलाचं पत्र सापडलं, एवढाच गुन्हा. पितळी डबा आहे माझ्याकडे, कडी तुटलेली. हिंदूंमधली आंतरजातीय लग्नं सरसकट वैध ठरवणारा कायदाच मुळी १९४९ चा.

पंचवटीकर७१: ताई, कोंडलं घरच्यांनी, त्यात स्वातंत्र्याचा काय दोष? इंग्रजांच्या १८७२ च्या विशेष विवाह कायद्यात ‘मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही’ असं लिहून द्यावं लागायचं. हिंदूंना त्यातून सूट मिळाली १९२३ ला. हिंदू-मुसलमान जोडप्याची ती अट गेली १९५४ ला, तीही आपल्याच संसदेने घालवली.

नाशिकरोडचा: आपल्याच म्हणता? काळाराम मंदिरात दलितांना जाऊ द्या म्हणून १९३० पासून पाच वर्षं सत्याग्रह झाला, दार उघडलं नाही. दर्शनाला ही तऱ्हा, तिथे सोयरीक कोण करणार होतं? लग्न-वारशाचे नियम बदलणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ ला मंत्रिपद सोडलं, तेव्हा दिल्लीत इंग्रज नव्हते.

सिडकोवाला: १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचं कौतुक मला सांगू नका. १८७२ च्या कायद्यात लग्नाआधीची जाहीर नोटीस १४ दिवसांची होती, आपण ३० केली! २०११ ला आमची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या फळ्यावर लागली. बायकोचं घर दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तिकडच्या ऑफिसातही गेली. चौथ्या दिवशी तिचे मामा दारात, हातात नोटिशीची झेरॉक्स.

जुना वकील: नोटीस हवीच. पहिली बायको लपवून बोहल्यावर चढणारे मी कोर्टात पाहिलेत. एका मुलीचं आयुष्य त्या फळ्यामुळे वाचलं.

सिडकोवाला: आणि तोच माणूस भटजी बोलावून सप्तपदी घालतो, तेव्हा कुठे असते तुमची नोटीस? जातीत लग्न करणाऱ्याला एक दिवसही थांबावं लागत नाही. आम्हीच तेवढे संशयित? आठ महिने भाड्याची खोली बदलत राहिलो, वकीलसाहेब. तुम्ही राहिलात का कधी असे?

जुना वकील: आवाज चढवू नका. ठीक आहे, घरचा पत्ता फळ्यावर लावू नये, एवढं मान्य. नोटीस काढून टाका हे मात्र मान्य नाही, शंभरदा विचारलंत तरी.

पंचवटीकर७१: विषय प्रेमाचा होता, तुम्ही फळा धरून बसलात. गोदाकाठ, आजीचं पुढे काय झालं?

गोदाकाठ: पत्र पणजोबांनी चुलीत घातलं. १९४९ चा कायदा आला त्याच वर्षी तिचं जातीत लग्न लावून दिलं. आजोबा चांगले होते, उगाच त्यांच्याबद्दल कोणी वाकडं लिहू नका. त्या मुलाचं नाव आजीने मला ८१ व्या वर्षी सांगितलं, आजोबा गेल्यावर, तेही आधी दार लोटून घेऊन.