खाण्याच्या आजारातून सावरताना उपचारांच्या जोडीला कशाचा आधार मिळाला? अनुभव सांगा

माझी धाकटी बहीण दोन वर्षांपासून अ‍ॅनोरेक्सियाशी, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याच्या आजाराशी, झगडते आहे. मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, समुपदेशन हे सगळं चालू आहे आणि चालूच राहील. पण दोन भेटींच्या मधले दिवस फार लांब असतात. योग, चित्रकला, लेखन, आधारगट, काहीही असो. ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी लिहा. फसलेलंही लिहा. एकच विनंती, वजनाचे आणि कॅलरींचे आकडे नकोत. या आजारात माणूस ते वाचतो आणि लगेच स्वतःशी ताडून बघतो.

---

मला नऊ वर्षं बुलिमिया होता, म्हणजे ताबा सुटून खूप खायचं आणि मग उलटी करून ते काढून टाकायचं. दिसायला मी ठणठणीत, त्यामुळे घरात कुणाला संशयही आला नाही. एकदा रक्तातलं पोटॅशियम इतकं उतरलं की हृदयाचे ठोके चुकायला लागले, तेव्हा सगळं उघड झालं. म्हणून आधी हे सांगते: रक्ततपासणी आणि ईसीजी चुकवू नका, बाकी सगळं त्यानंतर.

मला तारलं ते विणकामाने. जेवणानंतरचा तास माझ्यासाठी सगळ्यात वाईट असायचा. समुपदेशक म्हणाल्या होत्या की उलटीची ऊर्मी लाटेसारखी चढते आणि तुम्ही काही केलं नाहीत तरी ओसरते. तेवढा वेळ हात गुंतवायचे. पहिला स्वेटर वेडावाकडा झाला, पण टाके मोजताना डोक्यातली दुसरी मोजणी थांबायची. दर तीनचार तासांनी ठरल्या वेळी खाणं मात्र सोडलं नाही. दिवसभर उपाशी राहिलं की संध्याकाळी तोल जाणारच, तिथे विणकाम काय करणार!

---

योगाबद्दल सावधपणे लिहिते. पहिल्या शिक्षकांकडे मी 'चरबी जाळायला' जात होते, म्हणजे आजारच मला चटईवर घेऊन जात होता. डॉक्टरांनी काही महिने व्यायाम बंद ठेवायला लावला. नंतर ज्या बाई भेटल्या त्यांच्या वर्गात आरसा नव्हता. त्या फक्त विचारायच्या, "आत्ता पाय जमिनीला कुठे टेकलेत?" पोटात भूक लागल्याचं मला कितीतरी वर्षांनी तिथे जाणवलं. शवासनात पडल्या पडल्या रडले.

---

मी आई आहे. मुलगी चौदाची असताना हे सुरू झालं.

आधी मी समजावलं, मग रागावले, मग हात जोडले. जेवायला बसलं की घराचं रणांगण व्हायचं. माझी हसरी पोर चिडकी, संशयी झाली होती. दिवसभर पाककृतींचे व्हिडिओ बघायची आणि घास मात्र उचलायची नाही. हे ढोंग आहे असं मला वाटायचं, आज त्याची लाज वाटते. मग डॉक्टरांनी १९४४-४५ मधल्या मिनेसोटातल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. ३६ निरोगी तरुण पुरुष स्वेच्छेने अर्धपोटी राहिले, तर तेही असेच झाले: उदास, चिडचिडे, पाककृतींची पुस्तकं वाचत बसणारे. म्हणजे यातलं बरंचसं उपासमार करत होती, माझी मुलगी नव्हे.

त्यानंतर आम्ही आजाराला वेगळं नाव दिलं. "हे तू बोलत नाहीयेस, तो बोलतोय," असं म्हणता येऊ लागलं. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात जी कुटुंबाधारित पद्धत आकाराला आली, तीच आम्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली केली. काय आणि किती वाढायचं ते आम्ही ठरवायचं, तिच्याशेजारी बसून राहायचं, वाद घालायचा नाही. या काळात आजोबा रोज तिच्याशी पत्ते खेळायचे. ताटाकडे ते चुकूनही बघायचे नाहीत. मुलगी आता म्हणते की दिवसभरात तेवढाच वेळ ती आजारी नसायची.

---

एरवी वाचनमात्र असतो. पुरुष आहे, बिंज ईटिंगचा त्रास, म्हणजे ताबा सुटून खूप खाल्लं जातं. 'कंट्रोल कर' एवढाच सल्ला ऐकत आलो. २०१३मध्ये डीएसएम-५ ने (मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरली जाणारी अमेरिकन पुस्तिका) याला स्वतंत्र आजाराचं स्थान दिलं हे वाचून पहिल्यांदा वाटलं, मी नुसता हावरट नाही. आधारगटात पहिले तीन आठवडे तोंड उघडलं नाही. चौथ्या आठवड्यात दुसऱ्या एकाने लपवून खाण्याबद्दल सांगितलं आणि माझ्या मानेवरचं ओझं उतरलं.

---

शरीरशुद्धीच्या नावाखाली मला एकांनी पातळ आहारावर ठेवलं होतं. आजाराला याहून गोड निमित्त मिळालं नसतं. सहा महिन्यांत झालेली सुधारणा तीन आठवड्यांत गेली. एखादा पदार्थ तोडायला सांगणारा कुठलाही 'नैसर्गिक' उपाय आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. आणि बराच काळ उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेततं, खाणं वाढवणं वैद्यकीय देखरेखीतच हवं.

---

सगळ्यांचं वाचलं. आजोबांच्या पत्त्यांचा अनुभव आज बहिणीला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. रात्री माझ्या खोलीत आली आणि विचारलं, "आपल्याकडे लोकर आहे का गं?"